आप्पांचा जैतुनाचा पाला

बसलिंगआप्पांच्या घरात पंखा आहे, पण तो माणसांसाठी नाही. भर मे महिन्यात आप्पा ओसरीवर घामाने निथळत पडलेले असतात आणि आत पंख्याखाली, बाजेवर, जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, पानं ऐसपैस पसरलेली असतात.

मी वालूरच्या शाळेत मास्तर. आप्पा माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. गळ्यात लिंग, अंगात बंडी, उभा जन्म किराणा विकण्यात गेलेला. दुकान पुतण्याच्या हवाली केल्यापासून त्यांना एकच उद्योग उरला, परसातल्या एकुलत्या एक जैतुनाच्या झाडाचा पाला वाळवणे. झाडाला आजवर फळ धरलेलं नाही. कुणी तसं बोललं की आप्पा उसळतात, "फळ कुणाला पाह्यजे? पाला बघा की!"

दव वाळल्यावर पानं तोडायची, धुवायची, धोतराने टिपायची, बाजेवर पातळ कापड टाकून एकेक मांडायची. पानावर पान चढलं की आप्पांचं कपाळ आठ्यांनी भरतं. खिडकी उघडी, पण उन्हाचा पट्टा आत आला रे आला की पडदा. "गुरुजी, पानाला वारा दाखवा, ऊन नका दाखवू," हे मी दिवसातून पाच वेळा ऐकतो. माझी बायको गच्चीवर पापड घालते, तर खालून तिच्याकडे बघून हळहळतात, "बाई, भर उन्हात? लय वंगाळ."

या पाल्यापायी माणूस एका जागी टिकत नाही. चहाला येतात, अर्धा कप पितात की उठले. "हवा फिरायलीय." प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना हे चपला शोधत असतात. पंगतीत दुसरा भात कधी त्यांच्या वाट्याला आलाच नाही. पानं उलटायची वेळ झालेली असते!

गेल्या महिन्यात पेडगावला सख्ख्या भाचीचं लग्न निघालं. जाणं भागच होतं. पाला माझ्या गळ्यात पडला.

"आजचा दिवस हाय बघा. पान वाकलं तर कच्चं, कट्‌ करून मोडलं तर झालं. उद्या सकाळी पाटलाचा प्रकाश पुण्याला जायलाय, त्याच्यासंगं डबा धाडायचाय."

मांडवातून त्यांचे चार फोन आले. पाचवा मी उचललाच नाही. दुपारी बघतो तर पान अजून वाकतच होतं. म्हटलं, एवढं काय, अर्धा तास ऊन देऊ. बाज अंगणात ओढली आणि जरा आडवा झालो. जागा झालो तेव्हा चार वाजले होते. पान कट्‌ करून मोडलं खरं, पण रंग तंबाखूचा.

आप्पा आले. मूठभर पाला हातात घेऊन उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डबा काकूंसाठी होता का?" मी विचारलं. आप्पांच्या पत्नी महानंदाकाकू दोन वर्षांपासून पुण्याला लेकाकडे, नातवाला सांभाळायला. पित्तामुळे त्यांचा चहा बंद झालाय, त्याऐवजी या पाल्याचा काढा.

"झाड तिनंच लावलंय," आप्पा म्हणाले. "रोज फोन करती. 'जेवलात का? ठेवते,' एवढंच. पर पाला पोचला की अर्धा तास बोलती, गुरुजी. एकेका पानाचं सांगती. आता न्हाई बोलणार. वाईट झालं की गप बसायची सवय हाय तिला, लग्नापासून."

 पण तिकडचा डबा रिकामा झाला होता, म्हणून तोच पाला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आप्पांनी ओसरी ते परस अशा किती खेपा घातल्या देव जाणे. मीही अपराध्यासारखा तिथेच बसून होतो. फोन वाजला. आप्पांचा फोन त्यांच्यापेक्षा गल्लीलाच जास्त ऐकू येतो.

"पाला पोचला," काकू म्हणाल्या.

"हां."

"काळा पडलाय."

"हां."

आप्पा फोन ठेवायलाच निघाले. मग काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "तुमाला बरं न्हाई का? बरं असताना असला पाला तुमी धाडणार न्हाई. खरं सांगा. येऊ का मी?"

माझी चूक आहे, असं सांगायला मी पुढे सरकलो, तर आप्पांनी तळहाताने माझं तोंडच दाबलं.

"नको येऊ," ते म्हणाले. "पोराची आबाळ होईल." आणि मग आत जाऊन बाजेच्या कडेला टेकले. तासभर बोलत होते. खिडकीतून ऊन थेट सकाळीच मांडलेल्या नव्या पानांवर आलं, ते त्यांना दिसलं नाही. पडदा मी ओढला.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"येऊ का म्हणली, गुरुजी," आप्पा म्हणाले. "दोन वर्षांत पहिल्यांदा म्हणली."