ट्यूब यायलीय

आमच्या शेजारच्या येमूल सरांच्या चपलेत मोच्याचा दोरा आहे, तांब्याची तार आहे, सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे आणि अंगठ्यापाशी स्टेपलरची पिनसुद्धा आहे. मूळची चप्पल त्यात कुठे आहे, हे शोधावं लागतं. नवी घ्या म्हटलं, की ते चौकातल्या पोलिसासारखा हात वर करतात.

"थांब की जरा. ट्यूब यायलीय. आता चप्पल घेऊन काय करायचं?"

ही ट्यूब म्हणजे कार्बन नॅनोट्यूब. पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत, कापसापेक्षा हलकी, आणि इतकी बारीक, की एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. सरांनी हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीच्या आधी कुठल्याशा शिबिरात त्यांना या ट्यूबची माहिती मिळाली आणि तेव्हापासून त्यांनी खरेदी थांबवली. चप्पल थांबली, छत्री थांबली, गच्चीवरच्या पत्र्याची दुरुस्ती थांबली. पाणी आमच्याकडे रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी मोठी पिंपं. सरांचं पिंप तीन ठिकाणी गळतं. पाणी आलं, की सर त्या भोकांवर बोटं ठेवून उभे राहतात, बासरी वाजवल्यासारखे.

कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना रोज विचारतो, "काय सर, आली का ट्यूब? दाताची तर आमच्याकडं हाय बगा."

"हसून घे बे," सर म्हणतात. "उद्या तुझं दुकानच उचलून ठेवंल ती, एका धाग्यावर."

मी फारशी कुणाशी बोलत नाही. इंग्लिश मीडियममध्ये शिकले, मराठी आकडे अजूनही पन्नाशीच्या पुढे मला अडखळवतात. लोक हसतात म्हणून मी आधीच गप्प राहते. पुण्यातली नोकरी सुटल्यावर घरी परत आले, तेव्हा गल्लीत सगळ्यांनी मला 'आता पुढं काय?' असं विचारलं. सरांनी विचारलं नाही. त्यांनी सरळ स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "वाच. इंग्लिश बातमी हाय. मला अर्थ लागतो, पण उगं माझ्याच मनासारखा लागतोय का ते बघायचंय."

तेव्हापासून सर माझी ओळख करून देतात ती अशी : "ही आमची इंग्लिश मीडियम. बोलत नाय, पण वाचती चांगलं."

ट्यूब कशी बनते, हे त्यांनी मला गच्चीवर चादरीनं शिकवलं. आमचा शहराचा पूर्व भाग मागावर चादरी विणणाऱ्यांचा, त्यामुळे इथे प्रत्येक गोष्ट चादरीनं समजावतात. "पेन्सिलीचं शिसं बघ. त्यात कार्बनच्या चादरी असत्यात, एकावर एक. जाडी किती, तर एकच अणू. त्यातली एक चादर घ्यायची आणि गुंडाळायची. झाली ट्यूब!" आणि त्यांनी वाळत घातलेली चादर स्वतःच्या हातावर खांद्यापर्यंत गुंडाळली. "सरळ गुंडाळली, की वीज नुसती पळती. तिरकी गुंडाळली, की अडखळती. चादर तीच, बरं का."

"मग अजून आली का नाही, सर?"

"लांबी! लांबी होईना. बोटभर करायला गेलं, की कुठंतरी एखादा अणू चुकतो. तिथनं ताकद गेली. आपल्याकडं एक धागा चुकला तर चादर सेकंडच्या मालात जाती का नाय, तसंच."

बातम्या मी वाचून दाखवायची. सगळ्या बातम्यांच्या शेवटी कुणीतरी शास्त्रज्ञ म्हणायचा, की येत्या दहा वर्षांत हे सामान्य माणसापर्यंत पोहोचेल. एकदा चुकून एक जुनी बातमी उघडली गेली, मी शाळेत होते तेव्हाची. तिच्याही शेवटी येती दहा वर्षंच होती. मी सरांना तारीख सांगितली नाही.

सरांच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे गच्चीवरची कपड्यांची दोरी. साधी सुती. उन्हानं कुजलेली. आठवड्याला कुठे ना कुठे तुटायचीच. तुटली, की सरांच्या बायको, पद्माकाकू, जिन्यात येऊन हाक मारायच्या, "एमंडी! दोरी तुटली की!" एमंडी म्हणजे तेलुगूतलं 'अहो'.

काकूंचा उजवा हात गेलेला आहे. हात आहे, पण कोपराखाली त्यात जीव नाही. घरामागच्या दिराच्या कारखान्यात त्या मागावर तुटलेले धागे जोडायच्या. त्यांच्याइतक्या चपळ गाठी गल्लीत कुणाच्या नव्हत्या, असं माझी आई सांगते. एक दिवस मागाच्या पट्ट्यात हात ओढला गेला. हाड सांधलं, पण नस सांधली नाही. कारखानाही पुढे बंद पडला. माग वजनावर भंगारात गेले, आता तिथे लग्नाच्या मंडपाचं सामान ठेवतात. आमच्या लहानपणी गल्लीत इतकी खटखट असायची, की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. आता सगळं शांत आहे आणि माणसं अजून ओरडूनच बोलतात.

तर दोरी तुटली, की दोघं गच्चीवर येऊन शेजारी शेजारी उभे राहायचे. काकू डाव्या बाजूला, सर उजव्या. काकूंचा डावा हात आणि सरांचा उजवा हात मिळून मागावरची ती बारीक गाठ मारायचे. हात दोघांचे, पण गाठ एकाच माणसानं मारल्यासारखी.

"अंगठा सोडा," काकू म्हणायच्या.

"सोडला की."

"कुटं सोडलाव? इतकी वर्षं मुलांना काय शिकवलंव कुणास ठाऊक."

त्या दोरीत दोरी कमी आणि गाठीच जास्त झाल्या होत्या. आईनं एकदा तिकडे नायलॉनची नवी दोरी पाठवली. सरांनी ती तशीच परत आणून दिली. "वहिनी, ट्यूब यायलीय."

संध्याकाळी सर दारातल्या पायरीवर बसून काकूंचा उजवा हात मांडीवर घ्यायचे. खोबरेल लावायचे. मग एकेक बोट मिटायचं, उघडायचं. तोंडानं वर्गात म्हणावं तसं, "ओपन. क्लोज. ओपन. क्लोज." नखंसुद्धा तेच कापायचे. बातम्यांमध्ये एकदा आलं होतं, की नॅनोट्यूबच्या धाग्यावरून तुटलेली नस पुन्हा वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत. ती बातमी सरांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. चप्पल नाही, छत्री नाही, पिंप नाही. सर कशाची वाट बघत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

"हात तयार ठेवला पायजे," ते म्हणाले. "ट्यूब आल्यावर हात म्हणायला नको, मी झोपलो होतो."

मागच्या उन्हाळ्यात शहरात नसांचे नवे डॉक्टर आले. सरांनी मला सोबत नेलं. ते इंग्लिशमध्ये बोलले तर, म्हणून. डॉक्टर चांगलं मराठी बोलत होते. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले.

सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि चादर, गुंडाळी, धागा, नस, सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काकूंचा हात बराच वेळ तपासला, सुया टोचून यंत्रावर बघितला.

"सर, हे प्रयोग मीही वाचतो," ते म्हणाले. "होईलही कधीतरी. पण नस तुटली, की पुढचा स्नायू काही काळच वाट बघतो. नंतर तो स्नायू राहत नाही. ह्यांचा आता राहिलेला नाही. उद्या तुमचा धागा आला, तरी जोडायचा कशाला?"

सर पेन्सिलीकडे बघत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "सूत येईल, पण माग भंगारात गेला."

डॉक्टरांनी मान हलवली. "तुम्ही हाताची काळजी मात्र फार छान घेतलीय," ते म्हणाले. सरांनी 'थँक यू' म्हटलं. विद्यार्थ्यानं म्हणावं तसं.

घराशी रिक्षातून उतरल्यावर सर आत गेले नाहीत. तसेच कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि चप्पल घेतली.

दुसऱ्या दिवशी पिंप आलं. मग छत्री, भर उन्हाळ्यात. पत्रे ठोकायला माणूस आला. दुकानदारानं पहिल्या दिवशी "सर, ट्यूब रद्द का?" असं विचारलं, सरांनी नुसतंच "होय" म्हटलं आणि त्यानंतर त्यानं विचारणं सोडलं. आई म्हणाली, "सुटला बाई एकदाचा तो नाद." सगळी गल्ली खूश होती. मला मात्र दारातली ती नवी चप्पल बघवायची नाही. शेवटी गच्चीवर निळी नायलॉनची दोरी आली, ताठ, एकही गाठ नसलेली. जुनी दोरी सरांनी गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकली.

संध्याकाळची पायरी रिकामी राहू लागली. सर आत टीव्हीसमोर बसायचे. बातमीही वाचायला सांगेनात.

एक दिवस मी गच्चीवर होते. मधल्या कठड्यापलीकडे काकू कपडे वाळत घालत होत्या. एका हातानं. चिमटे दातात.

"मला पहिल्या वर्षीच कळलं होतं गं," चिमटे काढून त्या एकदम म्हणाल्या. "हात माझा हाय, मला नाय कळणार? पण ते बसायचे की रोज संध्याकाळी. नोकरी संपलेली, पोरबाळ नाय. त्यांच्या हातांना काम पायजे होतं, म्हणून दिला हात." मग एक चिमटा लावून, "आता दोघंबी रिकामे."

काकूंनी ती निळी दोरी ओढून बघितली.

"तुझ्याकडं कात्री हाय का गं?"

मी खालून कात्री आणून कठड्यावरून दिली. काकूंनी ती डाव्या हातात धरली. कात्री उजव्या हाताची, नायलॉन गुळगुळीत, पात्यांतून निसटत होतं.

"मी कापू?"

"नको. माझं मला करू दे."

बऱ्याच खटपटीनंतर दोरी तुटली. धुतलेले कपडे गच्चीच्या धुळीत पडले. काकूंनी कात्री माझ्याकडे परत दिली, पदर नीट केला आणि जिन्यात तोंड घालून ओरडल्या, "एमंडी! दोरी तुटली की!"

सर सावकाश वर आले. दोरीची दोन टोकं उचलून त्यांनी जवळून बघितली. तारेला वजनं टांगून ती कशी तुटते, हे त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना दाखवलं होतं. तुटलेलं टोक कसं दिसतं आणि कापलेलं कसं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कात्री पाठीमागे धरली होती.

"नवी होती की," ते म्हणाले.

"माल असाच यायलाय आता," काकू म्हणाल्या आणि डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

सर तसेच उभे राहिले, टोकं हातात घेऊन. मग एक टोक त्यांनी काकूंकडे दिलं.

"अंगठा सोडा."

"सोडला."

नायलॉनवर ती गाठ बसत नाही. ओढली, की सुटते. त्यांनी ओढली, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली.

"टिकंल का?" सरांनी विचारलं.

"टिकंल की," काकू म्हणाल्या, "ट्यूब येईपर्यंत."

सरांनी तिसऱ्यांदा टोक धरलं. वर गाठ मारणं चालू होतं, आणि खाली, दोघांच्या मधल्या अरुंद जागेत, सरांचा डावा हात काकूंच्या उजव्या हाताचं एकेक बोट मिटत होता, उघडत होता.