टिल्लूकाकांचा खटका

आमचे टिल्लूकाका सकाळी पायजम्यावर चामडी पट्टा आवळून, पट्ट्याला रिव्हॉल्व्हर अडकवून आणि हातात किटली घेऊन दूध आणायला निघत. उज्जैनमध्ये टिल्लू हे आडनाव ऐकलं की हिंदी माणूस आधी हसतो, कारण हिंदीत टिल्लू म्हणजे बुटका. मग तो मान वर करून काकांची सहा फूट उंची बघतो, मग कंबर बघतो आणि उरलेलं हसू गिळून टाकतो.

रिव्हॉल्व्हर काकांच्या वडिलांचं. वडील गेले, लायसन्स काकांच्या नावावर झालं आणि फ्रीगंजातल्या आमच्या गल्लीची झोप उडाली. काका सिंचन खात्यात रेकॉर्डकीपर होते. कागदावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर पाळायचं, हा त्यांचा स्वभाव. मी समोरच राहतो, म्हणून एकदा धीर करून म्हटलं, "काका, कपाटात का नाही ठेवत?"

"लायसन्सवर साफ लिहिलंय, हत्यार मालकाच्या ताब्यात पाहिजे. कपाटात ठेवलं तर ते कपाटाच्या ताब्यात गेलं की नाही? आपलं काम कसं, बाकायदा!"

'बाकायदा' हा त्यांचा लाडका शब्द. चहाही त्यांना बाकायदा लागे, म्हणजे बशीसकट.

कुणी हत्यार हिसकावू नये म्हणून त्यांनी चामड्याच्या कव्हरवर दोन जाड पट्ट्या आणि दाबाची बटणं बसवून घेतली होती. ती इतकी घट्ट, की लायसन्सच्या तपासणीला पोलीस थाण्यात गेले तेव्हा दहा मिनिटं झटूनही रिव्हॉल्व्हर बाहेर येईना. दरोगाही घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "रहने दो टिल्लूजी, दस्ता दिख रहा है, बहुत है." दस्ता म्हणजे मूठ. गोळ्या तर वडिलांच्या काळातच संपल्या होत्या.

पण खरी अडचण निराळीच होती. पूर्वी रोज संध्याकाळी काका आणि काकू स्कूटरवरून टावर चौकात साबूदाण्याची खिचडी खायला जात. काकू मागे एका बाजूला पाय सोडून बसत, उजवा हात काकांच्या कमरेभोवती. आता नेमकी तिथेच ही जड वस्तू आली. चार दिवस काकूंनी सोसलं, पाचव्या दिवशी भर गल्लीत जाहीर केलं, "ही सवत जोवर तुमच्या कमरेला आहे, तोवर मी गाडीवर बसायची नाही." आणि खरंच त्या सवाऱ्यांच्या टेम्पोने जाऊ लागल्या. काका स्कूटरवरून टेम्पोच्या मागे मागे. चौकात दोघं एकाच बाकावर बसून खिचडी खात आणि पुन्हा वेगवेगळे घरी येत.

गल्लीला हसू आवरेना. मीही हसलो. पण एकदा काका फाटकापाशी थांबून मला म्हणाले, "अरे, मागे वजन नसलं ना, की गाडी वळणावर डळमळते. मला भीती वाटते." सहा फुटांचा माणूस हे सांगताना किटलीच्या झाकणाशी चाळा करत होता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

त्याच सुमारास बाजारात नव्या तऱ्हेची दप्तरं आली होती, दोन्ही बाजूंनी दाबलं की खटकन सुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या चापाची. काकांनी दप्तर विकत घेतलं, घरी आणून कापलं आणि चाप कव्हरला शिवला. गाडीवर बसताना कमरेचा पट्टा न सोडता कव्हर एका दाबात निघालं पाहिजे, हा बेत. तिसऱ्याच दिवशी भर मंडईत चाप तुटला आणि रिव्हॉल्व्हर कव्हरसकट कोथिंबिरीत जाऊन पडलं. भाजीवाली शांतपणे म्हणाली, "भैया, ये भी तोल दूँ?"

मग काका करीमभाईंकडे गेले. ते टावर चौकातले चामड्याचे कारागीर. काका म्हणाले, "करीमभाई, इसमें मजबूत खटका होना." आपल्या मराठीत खटका म्हणजे दाबायची कळ. हिंदीत खटका म्हणजे मनातली धास्ती. करीमभाईंनी तोच अर्थ घेतला आणि हात मागे ओढले. "साब, खटका तो हमको पहले से है. चल-वल गई तो?"

गैरसमज मिटायला दोन चहा लागले, बाकायदा. पण काम झालं फक्कड. पट्ट्यावर पितळेची खाच असलेली पट्टी, कव्हरमागे त्या खाचेत सरकणारी जीभ आणि मध्ये स्प्रिंगची कळ. तशीच दुसरी पट्टी स्कूटरच्या पुढच्या डिकीत. कळ दाबली की कव्हर कमरेवरून सुटे, डिकीत खट् करून बसे, वर कुलूप. हत्यार गुडघ्यासमोर, म्हणजे ताब्यात.

त्या संध्याकाळी काकांनी आख्ख्या गल्लीदेखत सातदा लावून काढून दाखवलं. काकू बाहेर आल्या. "आता गेला का खटका?" त्यांनी विचारलं. कुठला खटका, ते मी विचारलं नाही. त्या मागे बसल्या, हात जुन्या जागी गेला आणि काकांनी कारण नसताना हॉर्न वाजवला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पुढे चुनाव आले. चुनावात सगळ्या लायसन्सवाल्यांनी हत्यारं थाण्यात जमा करायची असतात. काकांनी कव्हरसकट जमा केलं, पावती घेतली. चुनाव झाले, निकाल लागले, बाकीचे आपापली हत्यारं घेऊन आले. काका काही गेले नाहीत. शेवटी लायसन्सही परत करून मोकळे झाले.

पट्टा मात्र पायजम्यावर रोज दिसे, उजव्या बाजूला ती पितळेची पट्टी चमकत. मी म्हटलं, "काका, आता कशाला हे ओझं?"

काकांनी आधी घराकडे बघितलं. काकू आत पदर सारखा करत होत्या, खिचडीची वेळ झाली होती.

"हिला ती पट्टी धरायची सवय झालीय रे," ते हळूच म्हणाले. "काढली तर ती काय धरेल?"