चार हजार पावलांची नांदेड मोहीम

आधी वंदन उदरास, कां की सकळ मोहिमा तेथूनच उपजतात आणि बहुतेक तेथेच बुडतात. मग वंदन लाल गाडीस. मग श्रोतयांस विनंती की मजकूर खरा आहे. कोठे हसू आल्यास खुशाल हसावे, मोहिमेच्या नायकास त्याची सवय आहे. शालिवाहन शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, पौष मास, वार गुरुवार, ते दिवशी लातूरचे राजमान्य राजश्री गुरुलिंगआप्पा मास्तर यांणी नांदेडवर तिसरी स्वारी केली आणि कोणत्या हालाने फत्ते पावले, ती हकीकत येणेप्रमाणे.

मास्तर म्हणजे कोण, तर लातुरी शिकवण्यांचा सुकाळ जाहला, गल्लोगल्ली पत्र्यांखाली दूरदूरची पोरे डॉक्टर होण्यास डेरे देऊन बसली, त्या फौजेस जीवशास्त्र शिकविणारे मातब्बर सरदार. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर असे काढीत की पोरांनी वाहवा म्हणावे. मात्र त्याच फळ्यापर्यंत जिना चढून येता त्यांचे स्वतःचे चार कप्पे ढोलासारखे वाजत, आणि पहिली पाच मिनिटे ते हजेरीच्या मिषाने दम खात. खडू हातून पडल्यास तो गेला असे समजावे, वाकणे पोटास मंजूर नव्हते. दर गुरुवारी नांदेडच्या शाखेत तास घेण्यास जात आणि वाटेत चाकुरास भजी, अहमदपुरास पुन्हा भजी व वर पेढे, असा मुलूख मारीत जात. वैद्यराजांनी रक्तातील साखर पाहिली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. मग फर्मावले की चालावे, तळलेले व गोड वर्ज्य करावे. मास्तरांनी मान डोलाविली. मान डोलाविण्यात ते पहिल्यापासूनच वाकबगार.

हे फर्मान वाऱ्यावर गेले असते. परंतु मास्तरांची एकुलती कन्या साक्षी हिणे बापाच्या वर्गात बसणार नाही असे जाहीर करून नांदेडास वसतिगृह धरिले होते, आणि परीक्षेच्या धास्तीने जेवण सोडून चहा-बिस्किटांवर दिवस काढीत होती. मार्गशीर्षात ती भर वर्गात चक्कर येऊन पडली. बाप तातडीने गेला, दटावू लागला, तेव्हा तिने बापाच्या पोटाकडे एकवार पाहून म्हटले, “पप्पा, तुम्ही आधी स्वतःकडं बघा.” मग मसलती होऊन तह ठरला, तो असा की प्रवासाचे दिवशी मास्तरांनी चार हजार पावले चालावी व वैद्यराजांचे पथ्य पाळावे; तसे घडल्यास साक्षीने आठवडाभर दोन्ही वेळ पोटभर जेवावे; आणि बापाने मोडिल्यास लेकीसही मोडण्याची मुभा असावी. या शेवटच्या कलमाने मास्तरांची झोप उडाली, कां की पोरीच्या मनगटाची हाडे दिसू लागली होती.

पहिली स्वारी चाकुरासच बुडाली. कढईतून भजी निघत होती, वाऱ्याची दिशा गाडीकडे होती, आणि सरदार शरण गेले. दुसऱ्या स्वारीत कपट जाहले. पावले मोजणारा मोबाइल खिशात घालून मास्तर आसनावरून न हलता नांदेडास उतरले, तो पावले सहा हजार दोनशे! गाडीच्या हादऱ्यांस यंत्र चालणे समजले होते आणि मास्तरांनी यंत्राची समजूत काढिली नाही. साक्षीने आलेख उघडून पाहिला. आठपासून साडेअकरापर्यंत अखंड चाल, पाणी पिण्यापुरतीही उसंत नाही. तो आठवडा तिने पुन्हा बिस्किटांवर काढिला, हे वसतिगृहाच्या नीलाबाईंनी फोनवर कळविले, तेव्हा मास्तरांस स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज खरी होती. हे बखरकारास कसे ठाऊक, असे कोणी पुसू नये.

तिसऱ्या स्वारीस निघताना मास्तरांनी गाडी चालू असता मोबाइल बंद ठेवण्याचा कौल स्वतःस दिला. सौभाग्यवती शिवकांताबाईंनी रसद बांधिली, ती ज्वारीचे धपाटे सहा, दही, काकड्या, आणि वर ताकीद की यातले निम्मे लेकीचे, वाटेत हात मारू नये. लातूर स्थानकातच मास्तरांनी अकराशे पावले उरकिली आणि दाराजवळचे आसन धरिले. दाराजवळ बसण्याची खोड जुनी. शके एकोणीसशे पंधराच्या भूकंपात ते एकवीस वर्षांचे, मुरुडास माळवदाच्या घरात होते. भिंत फुगू लागली तशी त्यांणी मातोश्री गुणाबाईंस पाठीवर घेतले आणि एका दमात गल्लीच्या तोंडापर्यंत धाव मारिली. मागे माळवद बसले. तेव्हापासून दार दिसल्याशिवाय त्यांस चैन पडत नसे. धावणे मात्र त्या दिवशी जे संपले ते संपले.

चाकुरास गनीम पूर्वस्थळी उभाच होता. मास्तरांनी नाकास रुमाल बांधिला, तोंडात अख्खी काकडी घातली आणि डोळे मिटून वेढा सोसला. शेजारी जहांगीरचाचा बसले होते, नांदेडचे घड्याळ दुरुस्त करणारे. त्यांणी हळूच विचारिले की मळमळतंय काय. मास्तरांनी काकडीसकट मान हलविली. गाडी हलली आणि चाकूर जिंकिले गेले.

मग अहमदपूर. चालक अण्णाराव नाष्ट्यास उतरले म्हणजे पंचवीस मिनिटांची निश्चिती. मास्तरांनी मोबाइल सुरू केला, धपाट्यांची पिशवी कोणाच्या भरवशावर ठेवावी म्हणून ती खांद्यास अडकविली आणि स्थानकास फेरी घालण्यास जलद चालीने कूच केले.

आता आमच्या मुलखात कोणत्याही स्थानकाचा कायदा असा की पिशवी घेऊन एक माणूस तडातडा चालू लागला म्हणजे त्यास काही ठाऊक आहे, आणि गाडी दुसऱ्या फलाटावर लागली आहे. जहांगीरचाचांनी मास्तरांस जाताना पाहिले आणि अर्धा चहा टाकून पाठोपाठ निघाले. चाचांस पाहून दोन कास्तकार निघाले. त्यांस पाहून एक वऱ्हाड निघाले, मग क्लासची पोरे, मग ज्यांस नांदेडास जाणेच नव्हते असेही दहा-पाच. मास्तर मागे पाहीनात, कां की मान वळविल्यास वेग मोडतो. पहिली फेरी जाहली, दुसरी जाहली, तो पाठीमागे साठ माणसांची फौज, ट्रंका, गाठोडी, एक शिलाई मशीन, आणि सर्वांच्या मुखी एकच की मास्तर जाऊन राहिलेत तिकडंच गाडी हाय. तिसऱ्या फेरीस चाचांनी धापा टाकीत त्यांस गाठिले.

“मास्तर, गाडी लागली तरी कुठं?”

“गाडी हाय तिथंच हाय, चाचा. मी निस्ता चालून राहिलो.”

“कायको?”

“तब्येतीसाठी.”

हे उत्तर फौजेत मागपर्यंत पोचले, तेव्हा काय काय बोलले गेले ते बखरीत लिहिण्याजोगे नाही. वऱ्हाडातील एका मामांनी मास्तरांच्या तब्येतीस आणि डोक्यास मिळून उपाय सुचविला. मास्तर मान खाली घालून उभे राहिले आणि सर्व मंडळी कुरकुरत आपल्या फलाटाकडे वळली, तो फलाट रिकामा! उदगीरच्या गाडीस जागा पाहिजे म्हणून नांदेडची गाडी हुकमाने फाटकाबाहेर रस्त्यावर नेली होती, अण्णाराव चाकावर बसले होते आणि वाहक बुशराबाई दारात उभ्या राहून शिटी फुंकीत होत्या. मग जो तो म्हणू लागला की मास्तरला आधीच ठावं होतं, आणि मग एकच पळापळ. मास्तरही पळाले. श्रोते हो, हे वाक्य दोनदा वाचावे.

फाटकाशी अर्धी वाट उरली, तो उजव्या अंगास बाकाशेजारी एक वृद्ध बाई गाठोडे धरून उभी दिसली. गौरम्मा तिचे नाव, मूळची देगलूरकडची, नांदेडास लेकीकडे निघालेली. गुडघा धरून म्हणाली, “अय्यो, माझ्यानं पळणं व्हत न्हाई. तुमी जावा.”

मास्तर थांबले. गाडी घुरघुरत होती, छाती भात्यासारखी चालली होती, आणि ही गाडी गेल्यास नांदेडचा तास बुडणार, साक्षीची भेट बुडणार, खेरीज पोरगी म्हणणार की पप्पा नेहमीचेच. मग काय मनात आले कोण जाणे, गेली कित्येक वर्षे खडूसाठी न वाकलेला हा पुरुष म्हातारीपुढे पाठ करून गुडघ्यावर बसला. गौरम्मा म्हणाली की तुझं तुला झेपंना, बाबा. मास्तरांनी ऐकिले नाही. म्हातारी पाठीवर, गाठोडे तिच्या हाती, धपाटे गळ्यात, आणि सरदार धावले. सदऱ्याचे बटण तुटून गेले. त्यांस त्या वेळी मुरुडची गल्ली दिसत होती आणि मागे काही कोसळत नव्हते, याचा त्यांस फार आनंद वाटला. बुशराबाईंनी शिटी तोंडातून काढिली आणि म्हणाल्या, “आरामसे, मास्तर. तुम्हाला सोडून जात न्हाई.”

गाडीत मास्तरांनी मोबाइल पाहिला, तो चार हजार एकशे दहा. लगेच बंद केला. इतक्यात गौरम्माने गाठोड्यातून शेंगदाण्याचा लाडू काढिला आणि नको म्हणण्यास तोंड उघडिले त्याच तोंडात घातला. थुंकावा तर म्हातारीचा अपमान, गिळावा तर तह मोडला. मास्तरांनी डोळ्यांत पाणी आणून गिळला. लाडू उत्तम होता, हेही नमूद करणे प्राप्त आहे.

नांदेडास वसतिगृहाच्या पायरीवर साक्षी पुस्तक घेऊन बसली होती. बापाच्या मनात आले की लाडवास साक्षीपुरावा कोठे आहे, पावले तर पुरी भरली. मग मागच्या आठवड्याची बिस्किटे आठवली, आणि त्यांणी पिशवी खाली ठेवून पावले, फौज, म्हातारी आणि लाडू, सर्व हकीकत क्रमाने सांगितली. शेवटी म्हणाले, “एक लाडू खाल्ला. तह मोडला, बाई.”

साक्षीने त्यांचा भिजलेला सदरा आणि तुटल्या बटणाची जागा पाहिली, आणि पुस्तक मिटले.

“त्या आजीचं वजन किती असंल, पप्पा?”

“तुझ्या आजीएवढं.”

मग ती म्हणाली, “आईनं धपाटे दिलेत का?”

येणेप्रमाणे पौष मासी गुरुवारी, वसतिगृहाच्या तिसऱ्या पायरीवर, चिरंजीव साक्षी हिणे दह्यासह अडीच धपाटे खादले, उरलेला अर्धा बापाकडे सरकविला, आणि बापाने तो पथ्यात बसतो की नाही हे न पुसता घेतला. इतकी फत्ते जाहली, याहून मोठी आजवर कोणी केली असल्यास बखरकारास माहीत नाही. अधिक लिहिले असते, परंतु संध्याकाळ होत आली, वहाणा दाराशी काढून ठेविल्या आहेत, आणि आजची अठराशे पावले अद्याप बाकी आहेत.