जादा भार: मिस्टर ग्रिम्सली

कॉटनवुड बेंड कॅम्पर मंडळाच्या नियमावलीतलं चौथं कलम असं आहे: सहलीला निघणाऱ्या प्रत्येक गाडीची आदल्या दिवशी वजनकाट्यावर तपासणी होईल आणि जो भार जादा आढळेल तो जागच्या जागी उतरवला जाईल. हे कलम मंडळाच्या ओढकाम समितीचे अध्यक्ष डेलमार ग्रिम्सली यांनी स्वहस्ते लिहिलं होतं, आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त त्यांचा प्रतिस्पर्धी रस्टी बोमगार्नर होता. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो, हे डेलमारने चर्चमध्ये अनेक रविवारी ऐकलं होतं. पण ते कमी टॉर्कवाल्या लोकांसाठी असावं, असा त्याचा समज होता.

मंडळात एकोणीस कुटुंबं. प्रत्येकाकडे एक पिकअप ट्रक आणि त्यामागे ओढायचा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर. रस्टी हॉर्सपॉवरवाला, म्हणजे इंजिनाच्या वेगाचा भक्त; डेलमार टॉर्कवाला, म्हणजे ओढायच्या जोराचा. दर गुरुवारी सकाळी पॅनकेक खाताना दोघांची जुंपायची.

"अरे, नऊ हजार पौंडांच्या धुडाला चढावर खांदा कोण लावतो? टॉर्क!" डेलमार टेबलावर काटा आपटायचा.

"खांदा लावून तिथेच उभं राहायचंय, का वर पोचायचंय?" रस्टी सिरप ओतत म्हणायचा. "तुझा टॉर्क म्हणजे माझ्या सासूबाई. सगळ्यांना उठवणार पहाटे पाचला, आणि घरातून निघणार दुपारी एकला."

या वादापायी मंडळाची दोन टेबलं झाली, दोन घरांचं येणंजाणं बंद झालं आणि डेलमारने आठ वर्षांत तीन ट्रक बदलले. प्रत्येकाचा टॉर्क आधीच्यापेक्षा जास्त. तिसऱ्याला त्याने पुढून दीडशे पौंडांचा पोलादी बंपर बसवून घेतला, कारण एवढ्या टॉर्कची गाडी समोरून साधी दिसणं बरं नव्हे. हे तीन ट्रक घेऊन तो आठ वर्षांत कुठे कुठे गेला, असं कुणी विचारलं असतं तर त्याला खरं उत्तर द्यावं लागलं असतं: पॅनकेक खायला.

त्याची बायको व्हर्ना हिला मात्र एकाच ठिकाणी जायचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, लग्न झाल्या झाल्या, दोघं वुल्फटूथ घाटापलीकडच्या हॅना तलावावर गेली होती. एक खटारा गाडी, टपावर बांधलेला तंबू आणि डब्यातले बीन्स. त्या खटाऱ्याचा टॉर्क किती होता हे डेलमारने पुढे शोधून काढलं, आणि तेवढ्यावर आपण घाट चढलोच कसे या विचाराने त्याची दोन दिवस झोप उडाली. व्हर्ना दर उन्हाळ्यात तलावाचं नाव काढायची. "जोर कमी पडेल गं, पुढच्या वर्षी जाऊ," असं तो म्हणायचा. यंदा लग्नाला चाळीस वर्षं होत होती आणि मंडळाची सहलही नेमकी हॅना तलावावर होती.

"या वेळी नाही नेलंस ना, तर मी बसने जाईन," व्हर्ना म्हणाली होती.

तपासणी महामार्गावरच्या ट्रक थांब्यामागे होती. तपासनीस होत्या मिस आयला ट्रूडेल. त्यांनी एकतीस वर्षं टपाल खात्यात पार्सलं तोलली होती. त्या रस्टीला भीक घालत नाहीत, म्हणून डेलमारने त्यांची नेमणूक केली. त्या कुणालाच भीक घालत नाहीत, हे नेमणुकीचं पत्र देताना त्याच्या ध्यानात आलं नाही.

नियमाप्रमाणे जनरेटर, अवजारांची पेटी आणि दोन शेगड्या आधीच उतरवून झाल्या होत्या. डेलमार छाती काढून म्हणाला, "मिस आयला, टॉर्क लिहून घ्या."

"फॉर्मवर तो रकाना नाही."

"फॉर्म मीच तयार केलाय!"

"मग तुम्हाला माहीतच असेल. दार उघडा."

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, आतल्या अंगाला, एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिन्ही ट्रकना ती होती. टायरमध्ये किती हवा भरावी वगैरे किरकोळ मजकूर असेल म्हणून डेलमारने ती कधी वाचली नव्हती. मिस आयलांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "माणसं आणि सामान मिळून पंधराशे पौंडांच्या वर नको."

"पंधराशे? अहो, ही गाडी अकरा हजार ओढते!"

"ओढते ना. पण पाठीवर पंधराशेच घेते. गाढवाने गाडा ओढणं वेगळं आणि गाढवावर बसणं वेगळं, मिस्टर ग्रिम्सली." त्यांनी पेन्सिल जिभेला लावली. "कॅम्परचं तोंड तुमच्या ट्रकच्या मागच्या हुकावर टेकतं, त्याचा भार अकराशे. जोडणीचं लोखंड शंभर. हा बंपर दीडशे. राहिले दीडशे. मिसेस ग्रिम्सली, काट्यावर या. एकशे अठ्ठावीस. कुत्र्याला आणा."

वॅफल्स नावाचा कुत्रा अठरा भरला.

"राहिले चार," मिस आयला म्हणाल्या. "आता तुम्ही या."

डेलमार काट्यावर चढला. दोनशे पंचावन्न. त्याने टोपी काढली. मग बूट काढले, मग टॉर्कचा आकडा कोरलेलं पितळी बक्कल लावलेला पट्टा काढला, आणि एका हाताने पॅन्ट धरून तो दोनशे बावन्नवर येऊन थांबला.

"बंपर काढून टाकतो!"

"काढा की. दोन दिवसांचं काम आहे, आणि निघायचंय उद्या सकाळी. तरी अठ्ठ्याण्णव जादाच." त्यांनी शेऱ्याच्या जागी स्वच्छ अक्षरात लिहिलं: वाहन सुस्थितीत. जादा भार: मिस्टर ग्रिम्सली. जागच्या जागी उतरवला.

रस्टी पोट धरधरून हसला. मग त्याचा नंबर आला. तो दोनशे एक्क्याण्णव भरला, आणि त्याच्या ट्रकमध्ये जागा उरली होती नव्वदची. संध्याकाळपर्यंत एकोणीसपैकी सोळा नवरे कायदेशीररीत्या उतरवण्यात आले. तिघे सुटले. त्यातले दोघे काटकुळे होते आणि तिसऱ्याची बायको बहिणीकडे गेली होती.

"मी आपला व्हर्नाची छोटी गाडी घेऊन मागून येतो," डेलमार पडेल आवाजात म्हणाला.

"कलम अकरा," मिस आयला म्हणाल्या. "ज्या वाहनामागे काहीही ओढलं जात नाही, असं वाहन मंडळाच्या सहलीत चालणार नाही. कुणी लिहिलंय?"

डेलमारने पट्टा बांधला.

तातडीची सभा भरली. चर्चची जुनी बस घ्यावी, आणि कलम अकराचा भंग होऊ नये म्हणून तिच्यामागे एक ट्रेलर जोडावा, असा ठराव झाला. ट्रेलर रिकामा ओढणं मंडळाच्या ध्येयधोरणात बसत नव्हतं, म्हणून त्यात सगळ्या गाड्यांमधून उतरवलेला जादा भार भरण्यात आला: नऊ जनरेटर, चौदा अवजारांच्या पेट्या आणि मोजता न आलेल्या शेगड्या. ठराव एकमताने मंजूर झाला. आठ वर्षांत दोन्ही टेबलांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती.

सकाळी व्हर्ना ट्रकमध्ये चढली. डेलमारने तिला त्याचं स्टिअरिंग कधी हातात दिलं नव्हतं. तिने सीट पुढे ओढली आणि आरसे आपल्या उंचीला लावून घेतले.

"चार पौंड शिल्लक आहेत," ती खिडकीतून म्हणाली. "तुझं काही न्यायचंय का?"

तो धावत जाऊन टॉर्कवरच्या कात्रणांची फाईल घेऊन आला. फाईल साडेपाच पौंड भरली. व्हर्नाने त्या जागी पीचचा केक ठेवला आणि ती निघून गेली.

बस लुपे आर्चुलेटा नावाची पन्नाशीची बाई चालवत होती. वुल्फटूथ घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिन धापा टाकू लागलं.

"टॉर्क नाही हिच्यात!" डेलमार ओरडला.

"हॉर्सपॉवर नाही!" मागून रस्टी ओरडला.

चौथ्या वळणावर लुपेने बस कडेला घेतली आणि ती मागे वळली. "बावीस वर्षं शिबिराची पोरं भरून मी याच बसने हा घाट चढते. कधी कुरकुर नाही केली हिने. आज काय वेगळं आहे, सांगा बघू?"

"टायर?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"उतरा खाली," लुपे म्हणाली.

सोळा जण उतरले. बस ट्रेलरसकट तुरुतुरु वर निघून गेली. उरलेले दोन मैल मंडळाने पायी काढले. डेलमार आणि रस्टी सगळ्यांच्या मागे होते. भांडायला दोघांच्याही छातीत दम नव्हता.

"डेलमार," एका दगडावर बसकण मारत रस्टीने विचारलं, "तुझा टॉर्क किती रे?"

"गुडघ्यात होता थोडा. गेला." डेलमार त्याच्या शेजारी टेकला. "तुझी हॉर्सपॉवर?"

"घोडा मघाशीच मेला."

दोघं इतके हसले की त्यांना आणखी दहा मिनिटं बसावं लागलं.

तलावाच्या काठी व्हर्नाने दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर ती, दुसरीवर वॅफल्स. पाणी होतं तसंच होतं. डेलमार लंगडत आला तशी तिने कुत्र्याला खाली उतरवलं.

"घाटात जोर कमी पडला का?" त्याने विचारलं.

"कुणास ठाऊक. मी रेडिओ ऐकत होते."

तो खुर्चीत बसला. "व्हर्ना, एवढी आठ वर्षं तुला गाडीने नाही अडवलं. मीच जड होत होतो गं."

"आठ नाही, चाळीस," व्हर्ना म्हणाली आणि तिने त्याला केकचा मोठा तुकडा कापून दिला. "मी वजन करत नव्हते, एवढंच."

पुढच्या गुरुवारी मंडळाने ठराव केला की येत्या वर्षी जास्त ताकदीची बस घ्यावी. टॉर्कची की हॉर्सपॉवरची, यावर मतदान ठेवलं आहे. डेलमार सभेला गेला नाही. तो अंगणात ट्रकचं दार उघडून ती पिवळी चिठ्ठी पुन्हा वाचत होता. चिठ्ठी अशा जागी लावलेली असते, की सीटवर बसलेल्याला ती दिसत नाही. वाचायची तर खाली उतरावं लागतं.

डेलमारला हसलात, हरकत नाही. बसल्या जागेवरूनच हसलात ना?