केसोपंतांनी बेल्ट घरीच बदलला

एका जंगलात गाडी एकच होती आणि गाडीतलं कळणारे मात्र अकराशे. म्हणजे मुलांनो, तुमच्या-आमच्यासारखंच जंगल.

ती गाडी केसोपंत अस्वलाची. त्यांच्या बायकोचं नाव अनसूयाबाई. गाडी सुरू केली की पुढून टकटक, टकटक असा आवाज यायचा.

येत्या रविवारी अनसूयाबाईंच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. आबा एक्याऐंशी वर्षांचे झाले होते. अस्वलं इतकी जगत नाहीत असं कुणी शहाणा म्हणाला, तर त्याला विचारा, अस्वल गाडी चालवतं हे तुला चाललं का? घाटापलीकडे बेलवनात सकाळी अकराचा मुहूर्त होता. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं, आणि पहिला मान लेकीचा. लेक एकच. आबांना आता नीट दिसत नव्हतं. "दिवे दिसले नाहीत तरी चालेल, पण ताट तुझ्या हातात पाहिजे," असा त्यांनी निरोप धाडला होता. अनसूयाबाईंना रविवारी अकराच्या आत तिथे पोचायचं होतं. बाकी त्यांचं काही मागणं नव्हतं.

आवाज कशाचा ते त्यांना ठाऊक होतं. गाडीच्या पुढे तारेत ओवलेलं एक लिंबू लटकत होतं. गाडी आणली त्या दिवशी, दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी बांधलेलं. लोक दर शनिवारी लिंबू बदलतात. केसोपंतांनी आईच्या हातचं म्हणून ते सहा वर्षं तसंच ठेवलं होतं. वाळून ते सुपारीसारखं टणक झालं होतं, आणि इंजिन थरथरलं की पत्र्यावर आपटत होतं.

"अहो, लिंबू वाजतंय," अनसूयाबाई म्हणाल्या. त्यांनी ते मुठीत धरून दाखवलं. आवाज थांबला. सोडलं. आवाज सुरू.

"योगायोग," केसोपंत म्हणाले. "आणि आईच्या लिंबाला हात लावू नकोस."

तेवढ्यात शेजारच्या वडावरून शेपटे वानर खाली उतरले. शेपट्यांकडे गाडी नव्हती. त्यामुळे त्यांचा गाड्यांचा अभ्यास दांडगा होता. वडाच्या शेंड्यावर रेंज चांगली यायची, आणि तिथे बसून त्यांनी दुरुस्तीचे चारशे व्हिडिओ पाहिले होते.

शेपट्यांनी बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"टायमिंग बेल्ट," ते म्हणाले.

"टायमिंग बेल्ट," केसोपंतही म्हणाले, आणि त्यांची छाती दोन बोटं फुगली. लिंबापेक्षा हा आजार कितीतरी मानाचा होता.

"मग नाक्यावरच्या साळिंदर मिस्त्रीला तरी बोलवा," अनसूयाबाई म्हणाल्या. "तो पाच मिनिटांत सांगेल."

"पाच मिनिटांत सांगतो, त्याला काय डोंबल कळतं?" शेपटे म्हणाले. "वहिनी, घरच्या घरी चाळीस मिनिटांचं काम आहे. मी पाहिलंय."

आता मुलांनो, टायमिंग बेल्ट म्हणजे काय ते ऐका. इंजिनात वर वाल्व असतात, खाली पिस्टन असतात. एकाच ओट्यावर दोन जावा स्वयंपाक करतात ना, तसं. एक मागे सरली की दुसरीने पुढे यायचं. हे वेळापत्रक एक दातेरी पट्टा सांभाळतो. जुना पट्टा काढण्याआधी वरच्या आणि खालच्या चाकावर एकेक खूण करायची, आणि नवा घालताना खुणा बरोबर जागेवर आणायच्या. हे चुकलं की जावा समोरासमोर येतात.

शनिवारी सकाळी शेपट्यांनी बाजारातून नवा पट्टा आणला. केसोपंतांनी जुना काढला. तो अगदी धडधाकट होता. पण काढलेला पट्टा परत घालायचा म्हणजे चूक कबूल करण्यासारखं झालं असतं, म्हणून तो विषय कुणी काढला नाही.

खुणेसाठी घरात रंग नव्हता. केसोपंतांनी देव्हाऱ्यातलं कुंकू तेलात कालवलं आणि दोन्ही चाकांवर एकेक ठिपका दिला. इथवर काम बिनचूक होतं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

पण केसोपंत श्रद्धाळू. नवी वस्तू पूजेशिवाय बसवायची त्यांची छाती होईना. त्यांनी अंघोळ केली, नारळ फोडला, आणि त्याच वाटीतल्या कुंकवाची पाच पाच बोटं दोन्ही चाकांवर उमटवली. आरती झाली. खोबरं वाटलं. मग दोघांनी इंजिनात डोकावून पाहिलं.

वरच्या चाकावर सहा ठिपके होते. खालच्या चाकावरही सहा.

"आपली खूण कुठली?" केसोपंतांनी विचारलं.

"जो जास्त लाल, तो," शेपटे म्हणाले.

"व्हिडिओत असंच होतं?"

"व्हिडिओत पूजाच नव्हती. ते लोक नास्तिक."

रविवारी सकाळी सातला अनसूयाबाई ताट मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. केसोपंतांनी किल्ली फिरवली. एकदाच खाडकन वाजलं. मग काहीच वाजलं नाही. पुन्हा किल्ली फिरवली, तरी काही नाही.

शेपट्यांनी बॉनेटला कान लावला. "टकटक गेली," ते म्हणाले.

"गेली," केसोपंत म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

डोळे अनसूयाबाईंचेही भरले, पण त्यांना रडायला सवड नव्हती. त्या ताट घेऊन खाली उतरल्या. सासूबाईंचं लिंबू त्यांनी तारेतून हिसडून काढलं, मुठीत घेतलं आणि घाटाच्या वाटेने चालू लागल्या.

त्या बेलवनात पोचल्या तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले होते. दिवे विझले होते. आबा मात्र पाटावर तसेच बसून होते.

"कोण? अनू का?"

"होय आबा."

"गाडीचा आवाज नाही आला."

"गाडी घरी आहे. आवाज आणलाय," अनसूयाबाई म्हणाल्या आणि लिंबू त्यांच्या हातात ठेवलं.

आबांनी ते चाचपलं, कानाशी नेऊन हलवलं. "वात आहे अजून एखादी?" त्यांनी विचारलं. एकच दिवा पेटला. अनसूयाबाईंनी त्यानेच ओवाळलं.

इकडे जंगलात केसोपंतांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला. शेपटे अध्यक्ष होते. नंतर सगळे रांगेने गाडीपाशी गेले, बॉनेटला कान लावून शांतता ऐकली आणि थक्क झाले. साळिंदर मिस्त्रीनेही ऐकली आणि तो खाली मान घालून निघून गेला.

एवढ्या शांत गाडीला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून केसोपंतांनी त्याच दिवशी पुढे नवं लिंबू बांधलं.

तात्पर्य : बायको लिंबू म्हणाली, तर ताबडतोब इंजिन उघडावे. लिंबू काढल्याने नुसता आवाज जातो. इंजिन उघडल्याने शाल मिळते.