ठमाबाईच्या ओव्या आणि अप्पाची वांगी

निरवांगीच्या ठमाबाईला तीनेकशे ओव्या येतात ही बातमी पुण्याला कुणी पोचवली ते कळलं नाही, पण एका सकाळी लोकगीतं गोळा करणारे देवस्थळी मास्तर जीपमधून यंत्र घेऊन हजर झाले. यंत्रात आवाज भरून ठेवतात आणि पुढे तो रेडिओवर लागतो, हे ऐकताच ठमाबाईच्या नवऱ्यानं, रामहरीनं, सगळा कारभार हाती घेतला. बायको कसल्या ओव्या म्हणते हे त्याला ठाऊक नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण ती दळायला बसायची तेव्हा तो घोरत असायचा.

त्यानं तिला ठेवणीतलं लुगडं नेसायला लावून चावडीत खुर्चीवर बसवलं. समोर अख्खा गाव. ठमाबाईच्या तोंडून शब्द फुटेना.

"अगं, म्हण की. रोज तर म्हणतीस."

"जातं कुठं हाय हितं?"

"मास्तरांना गाणं पायजे, पीठ न्हाय."

"मग तुमीच म्हणा."

रामहरीनं खरंच एक अभंग धरला. मास्तरांनी यंत्र बंद केलं.

शेवटी गावातल्या दोघा गड्यांनी तिच्या घरचं जातं उचलून चावडीत आणलं. ठमाबाई खुर्चीवरून उतरली, पाय पसरून बसली, पण खुंट्याला हात लावेना. रिकामं जातं ओढलं तर नुसता दगड ओरडतो, म्हणाली. हे ऐकून शेजारच्या मळ्यातला अप्पा घरी पळाला आणि पायलीभर बाजरी घेऊन आला. आयतं दळून मिळत असेल तर लोककलेला हातभार लावायला त्याची ना नव्हती.

पहिली मूठ पडली. जातं घरघरलं. ठमाबाईनं डोळे मिटले आणि ती गाव विसरली. घरघरीत लोकांना शब्द कळत नव्हते, तरी सगळे माना डोलवत होते. रामहरी सगळ्यांत जास्त. बाजरी संपली तशी ती थांबली.

"ऐकायचंय का?" मास्तरांनी विचारलं. "माइक तोंडाशीच होता. शब्द न् शब्द आलाय."

यंत्र बोलू लागलं.

शेजारच्या अप्पाची, वांगी झाली काळीभोर
पाणी आमच्या पाटाचं, अन् म्हणतो मी न्हाय चोर

चावडी हसून लोळली. रामहरीनं मांडीवर थाप मारली. "मास्तर, ह्ये परत लावा." पण यंत्र पुढं गेलं होतं.

गेला बारामतीला राया, आणायाला पेंड
पेंड ऱ्हायली बाजारात, विड्यानं लाल तोंड

रामहरीचा हात मांडीवरच राहिला. म्हातारी प्रयागबाई शांतपणे म्हणाली, "रामहरी, पेंड कंच्या तमाशाच्या फडात मिळती रं?"

घरी आल्यावर त्यानं बायकोला जाब विचारला. ती म्हणाली, "जात्याला सांगितलेलं हाय त्ये. तुमाला कुणी ऐकाय बसवलं हुतं?"

मग त्यानं मास्तरांना पुरणपोळीचं जेवण घातलं. चौथ्या पोळीवर तूप ओतता ओतता म्हणाला, "तेवढं पेंडीचं पुसून टाका." अन्नाला जागून मास्तरांनी पुसलं. अप्पाही धावत आला. "माझं बी पुसा, सायेब." पण त्यानं फक्त बाजरी आणली होती, तीही दळून परत नेली होती. "सगळंच पुसलं तर पुण्याला काय नेऊ?" मास्तर म्हणाले आणि जीप निघून गेली.

दीड महिन्यानं ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ठमाबाई लागली. अप्पा तोंड लपवून घरात बसला. पुढच्या बाजाराला मात्र इंदापुरात त्याच्याभोवती ही गर्दी. "रेडिओवरची वांगी हीच काय?" लोक विचारत होते. अप्पानं आधी नाही म्हटलं, मग पाटी रिकामी होताना पाहून व्हय म्हटलं. वडगाव निंबाळकरचे दोन पाव्हणे खास वांगी बघायला आले. वालचंदनगरच्या एका साहेबाच्या बायकोनं पाण्याचा पाटही दाखवायला लावला. पाट रामहरीचा होता. अप्पा तो असा दाखवायचा जणू त्यानंच खणला.

"बाई माझी हाय," रामहरी मधे पडून सांगायचा.

"व्हय का? मग ओवीत तुमी कुठं?" लोक विचारायचे.

रामहरीनं महिनाभर हे सोसलं. मास्तर पुन्हा येणार असं पत्र आलं, तेव्हा तो चुलीपाशी जाऊन बसला. "माझ्यावर एक कर की. नाव घालून. रामहरी निरवांगीकर, असं."

"कशावर करू? तवापासनं तुमी दारातनं हलला न्हाय. कायतरी करावं लागतं, तवा ओवी हुती."

दोघांनी विचार केला. गुरुवारी ठमाबाईनं त्याला धुतलेलं धोतर दिलं, भाकरी बांधून दिली आणि स्वतः बारामतीच्या गाडीपर्यंत पोचवलं. तमाशाचा दिवसाउजेडीचा खेळ होता. रामहरी पहिल्या रांगेत बसला. नाच्या डोळे मिचकावत होता, ढोलकी घुमत होती, पण बायकोनं पाठवलंय हे डोक्यातून जाईना. त्याला जांभया येऊ लागल्या. विडा घेतला तो कडू लागला. अर्ध्या खेळातून उठून तो दिवस मावळायच्या आत घरी आला.

ठमाबाई ओट्यावर वाट बघत होती. "काय केलंत?"

"काय न्हाय. तुज्यासाठी बांगड्या घेतल्या."

तिनं बांगड्या हातात घेतल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या. हिरव्या होत्या, मापाच्याही होत्या. तिचा चेहरा उतरला.

"अवं, आता ह्याच्यावर काय ओवी करू मी?"