सेनापतीचा वेगांक

घोड्यांच्या शर्यतीत नशीब म्हणून काही नसतं, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. नशीब हा शब्द भागाकार न येणाऱ्या माणसांनी काढलेला आहे. मला भागाकार येतो. शिवाय माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा, त्यामुळे सेकंदांशी माझी चांगली घसट आहे. तेव्हा यंदाच्या मोठ्या शर्यतीत अकरा घोड्यांपैकी कोणता पुढे येणार हे छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी आरशात माझ्याकडे बघून हसत होता.

पैसे लावायचे नव्हते. त्या बाबतीत बायकोने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ताकीद दिली होती. पणाला लागली होती ती माझ्या दुकानातली शांतता, आणि ती माझ्या सासरेबुवांनी घालवली होती.

सासरेबुवा शाळेत कवायतीचे मास्तर होते. छत्तीस वर्षं मुलांना पळवून निवृत्त झाले आणि आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आले, त्याला आता चार महिने होत आले. घरात त्यांची काहीच अडचण नव्हती. भाजी आणत, कपड्यांच्या घड्या घालत, त्याही अशा की ढिगाऱ्यातला रुमालसुद्धा सावधान उभा असल्यासारखा वाटे. पण घरची कामं नऊपर्यंत आटपत आणि मग ते माझ्या दुकानात येत. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर ताठ बसत. आणि खरं बोलत.

आता घड्याळवाल्याच्या दुकानात खरं बोलून कसं चालेल? ग्रंथालयातल्या बाई त्यांचं मनगटी घड्याळ न्यायला आल्या, तेव्हाची गोष्ट.

"झालं का हो?"

"झालंच आहे," मी म्हणालो. "फक्त शेवटचा हात फिरवायचाय."

"अजून पहिलाही फिरलेला नाही," सासरेबुवा कोपऱ्यातून म्हणाले. "घड्याळ ठेवलेली पुडीसुद्धा उघडलेली नाही, बाई. तुम्ही पुढच्या गुरुवारी या."

असं दिवसातून पाच वेळा. बायकोकडे तक्रार केली, तर ती म्हणाली, "अहो, त्यांनी जन्मभर सातशे मुलं सांभाळली. आता एक तुम्ही सांभाळायला मिळालाय, तर राहू द्या की." या बाईकडून मदत मिळणार नाही हे मी ओळखलं.

मग वर्तमानपत्रात मोठ्या शर्यतीतल्या घोड्यांचे फोटो आले. सासरेबुवांनी चष्मा पुसला, सगळे घोडे एकदा पाहून घेतले आणि 'झुळूक' नावाच्या एका घोडीवर बोट ठेवलं.

"ही पळेल."

"कशावरून?"

"उभी कशी राहिलीय बघा. चारी पायांवर सारखं वजन. पोरगं उभं कसं राहतं त्यावरून ते पळणार कसं हे कळतं."

मी मनापासून हसलो. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, "बाबा, पैज लावू या. मी शास्त्रशुद्ध हिशोबाने एक घोडा निवडतो. माझा घोडा तुमच्या झुळुकेच्या पुढे आला, तर तुम्ही दुकानात यायचं नाही. घरी आराम करायचा."

त्यांच्या तोंडावरचा ताठपणा जरा सैल झाला आणि मला उगाचच वाईट वाटलं. मग म्हणाले, "ठीक. आणि झुळूक पुढे आली, तर मी काउंटरच्या आत बसणार. माझी स्वतःची खुर्ची. आणि गिऱ्हाइकाला तारीख मी देणार."

"कबूल," मी म्हणालो. हरण्याचा प्रश्नच नव्हता.

आता माझी पद्धत ऐका. घोडा किती अंतर किती वेळात धावला ते घ्यायचं. त्यात पाठीवरचं वजन धरायचं, जमीन ओली की कोरडी ते धरायचं, आणि या सगळ्याचा मिळून एक आकडा काढायचा. त्याला मी 'वेगांक' म्हणतो. साधारण घोडा सत्तरच्या आसपास, चांगला नव्वदच्या वर. जुन्या शर्यतींच्या वेळा कुणीही मिळवील, पण घोडा आज कसा आहे ते कळायला सकाळची रपेटच मोजली पाहिजे. म्हणून मी तीन आठवडे रोज पहाटे रेसकोर्सच्या कठड्याशी उभा राहायचं ठरवलं.

स्टॉपवॉच मात्र नव्हतं. नव्हतं म्हणजे दुकानात एक होतं, ते सासरेबुवांचं. कवायतीच्या काळातलं, किल्लीचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते दुरुस्तीला दिलं होतं आणि रोज "झालं का?" विचारून माझं डोकं उठवलं होतं. शेवटी एके दिवशी मी काच पुसली, कडेला पॉलिश मारलं आणि म्हणालो, "झालं. नवंकोरं झालंय. फक्त चार दिवस माझ्या नजरेखाली राहू द्या." ते चार दिवस अजून संपायचे होते.

त्या घड्याळाची कळ अडकायची. एकदा चालू केलं की थांबायचं नाही. दुसरा कुणी हात टेकून बसला असता. मी युक्ती काढली. पहाटे पाचला किल्ली देऊन चालू करायचं आणि चालूच ठेवायचं. घोडा खांबापाशी आला की आकडा टिपायचा, दुसऱ्या खांबापाशी पोचला की पुन्हा टिपायचा, आणि वजाबाकी करायची. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

चार दिवसांत एक विलक्षण गोष्ट माझ्या लक्षात आली. साडेपाचला येणारे घोडे सुमार. सहाचे बरे. साडेसहाचे उत्तम. आणि सर्वांत शेवटी, सव्वासातला, 'सेनापती' नावाचा एक थोराड घोडा यायचा. त्याचा वेगांक अठ्ठ्याण्णव! वही हातातून पडायची बाकी राहिली. मी लगेच सिद्धांत मांडला, की हुशार मालक आपला खरा घोडा गर्दी पांगल्यावरच बाहेर काढतात. झुळूक बिचारी रोज सगळ्यात आधी येऊन, घाम गाळून जात होती. तिचा वेगांक एकाहत्तर.

सेनापतीची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला मी खोदून विचारलं, "याला मुद्दाम शेवटी आणता ना?"

"मुद्दाम कशाला साहेब, हा उठतच नाही. दोघांनी ढकलावं लागतं."

मालकाने त्याला गप्प राहायला सांगितलं असणार हे मी ताडलं आणि डोळा मिचकावून निघालो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा होता.

माझ्या शेजारच्या गाळ्यात केशकर्तनालय आहे. माझ्या मानेवरचे केस कापताना त्याच्या मालकाने वहीतला तक्ता पाहिला.

"हे अठ्ठ्याण्णव म्हणजे काय हो, घड्याळवाले? शंभरातले?"

"तसंच समजा."

त्याने तसंच समजलं आणि गावभर तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तक्त्याची नक्कल त्याच्या आरशावर चिकटली होती. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत माझ्या दुकानात शिरले आणि विचारू लागले, की उरलेले दोन टक्के कुठे गेले. औषधवाला आला, ग्रंथालयातल्या बाई आल्या. घड्याळ मागायचंसुद्धा विसरून त्या म्हणाल्या, "तुमचा हिशोब म्हणजे चोखच असणार." सासरेबुवा खुर्चीवरून हे सगळं ऐकत होते. एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटलं, खचले.

त्यांनी फक्त एकदा विचारलं, "जावईबापू, वेळ कशावर घेता?"

"तुमच्याच घड्याळावर. काट्यावर काटा चालतंय."

"अस्सं," ते म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी निम्मी गल्ली आमच्याबरोबर होती. शर्यत साडेचारला. घड्याळाला मी सकाळी नऊलाच किल्ली देऊन चालू केलं होतं, ऐनवेळी धांदल नको म्हणून. बायकोने डबा आणि छत्री घेतली होती. केशकर्तनवाल्याने दुकान बंद ठेवून बाहेर पाटी लावली होती, "सेनापतीमुळे बंद."

घोडे सुटायच्या फाटकांत शिरले. म्हणजे दहा शिरले. अकराव्याला सहा माणसं मागून रेटत होती.

"हा आपला का?" केशकर्तनवाल्याने विचारलं.

"ताकद राखून ठेवतोय," मी म्हणालो.

फाटकं उघडली. मी आकडा टिपला. दहा घोडे गोळीसारखे सुटले. सेनापती बाहेर आला, त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि इतर सगळे जिथे गेले तिथे आपणही जावं असा विचार करून निघाला. पहिल्या वळणावर मी सांगितलं, तो मुद्दाम मागे आहे. दुसऱ्या वळणावर सांगितलं, आता बघा. तिसऱ्या वळणावर मला कुणी काही विचारलं नाही. झुळूक सहावी आली. सेनापती अकरावा आला, आणि तोही बऱ्याच वेळाने. तोवर बायकोने डबा उघडला होता.

"किती वेळ लागला पहिल्याला?" सासरेबुवांनी विचारलं.

मी वजाबाकी केली. "दोन मिनिटं नऊ सेकंद."

त्यांनी समोर बोट दाखवलं. मैदानावरच्या भल्यामोठ्या पाटीवर आकडे झळकत होते. दोन मिनिटं तेहतीस सेकंद. खाली बारीक अक्षरांत आजवरचा विक्रम लिहिला होता. दोन मिनिटं अठ्ठावीस.

मी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. किल्ली उतरत आली की जुनं घड्याळ मंद चालायला लागतं, सेकंद कमी मोजतं. हे मी रोज दहा गिऱ्हाइकांना सांगतो. पहाटे पाचला किल्ली दिलेल्या घड्याळावर सव्वासातला येणारा कुठलाही प्राणी वेगवान ठरला असता. दूधवाला आला असता, तर तोही नव्वदच्या वर गेला असता.

सासरेबुवा माझ्याजवळ सरकले. आवाज हळू, पण छत्तीस वर्षं मैदानावर कमावलेला. त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला.

"हे बघा, मला उगाच जिंकायचं नाही. घड्याळ चुकीचं असेल, तर तुमचे आकडे चुकीचे. मग ही पैज झालीच नाही. उद्यापासून मी दुकानात पाऊल टाकणार नाही. तुम्ही नुसतं सांगा, घड्याळ चुकलं."

सुटकेची दोरी अशी समोर लोंबत होती. तोंड उघडलं की चार महिन्यांची कटकट संपत होती. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात ग्रंथालयातल्या बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग औषधवाल्याने पाहिलं. केशकर्तनवाल्याने तर घड्याळ काढून कानाला लावलं. भोवती सात माणसं उभी होती आणि सातही जणांची घड्याळं माझ्या हातून गेलेली होती.

"तुम्हीच दुरुस्त केलेलं ना हे?" केशकर्तनवाला म्हणाला.

मी सासरेबुवांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. त्यांना नुसतं कुठेतरी जाऊन बसायचं होतं, जिथे माणसं येतात आणि काहीतरी विचारतात. हे मला चार महिन्यांत कळलं नव्हतं. मला माझीच खरोखर लाज वाटली. पण धंदा तो धंदा.

"घड्याळ अगदी बरोबर आहे," मी म्हणालो. "पाटी चुकलीय."

सातही जणांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच तिच्या हातातला डबा धरला. सासरेबुवांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग खुर्ची उद्या सकाळी आणू."

तर सांगायचं काय, की माझी पद्धत मुळीच चुकलेली नाही. घरी येऊन मी शांतपणे सगळे आकडे पुन्हा मांडले. घड्याळ बरोबर आहे हे आता चारचौघांत ठरलेलंच आहे. त्या घड्याळाप्रमाणे सेनापतीला लागलेला वेळ दोन मिनिटं सतरा सेकंद. म्हणजे त्याने आजवरचा विक्रम अकरा सेकंदांनी मोडला. बाकीच्या दहा घोड्यांनी त्याच दिवशी तो आणखी जास्त मोडावा, याला मी काय करणार? हे सासरेबुवांना अजून पटलेलं नाही. पण समजावून सांगायला आता भरपूर वेळ आहे. रोज सकाळी नऊपासून दुकान बंद होईपर्यंत ते माझ्या शेजारीच बसलेले असतात.